धुऱ्यालगतचा हिरवा पट्टा

बाई, तुला जाऊन चोवीस दिवस झाले. सकाळी दुकान उघडतो, संध्याकाळी बंद करतो, मधल्या वेळात काय केलं ते विचारलं तर सांगता येत नाही. हंगाम तोंडावर आहे. शेतकरी येतात, बी मागतात, मी देतो. सडक अर्जुनीच्या हायवेवरून ट्रक गेला की फळीवरच्या औषधाच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणतात. वीस वर्षं तो आवाज कानावर पडतोय, पण आता त्याचा शीण येतो. त्यातल्याच एका बाटलीबद्दल तुला सांगायचं होतं. पाच वर्षं सांगायचं राहिलं.

थोरल्या बहिणीच्या, तुझ्या घरी मी राहायला आलो तेव्हा अकरावीत होतो. तुझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. इटियाडोहच्या कालव्यावरचं तुझं गाव मला आपल्या गावापेक्षा ओलं वाटायचं. माझ्या तोंडाचे कोपरे फाटलेले असायचे, जीभ सोललेली. तू काही विचारलं नाहीस. उखळात कांडलेला, कोंडा पुरता न गेलेला भात आणि परसातली चवळीची भाजी, असं महिनाभर वाढत राहिलीस. कोपरे भरून आले. पुढे गोंदियाला बीएस्सीला गेल्यावर मला त्यामागचं कारण कळलं आणि सुट्टीत येऊन मी तुला ते शिकवायला बसलो. धानाच्या दाण्याची जी तांबूस साल आपण घासून काढतो, तिच्यात जीवनसत्त्वं असतात. ती झाडच बनवतं.

तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आपल्यासाठी बनवते?"

मी हसलो. आपल्यासाठी कशाला, म्हटलं. झाडाला स्वतःच्या पेशी चालवायला ती लागतात. दाण्यात साठवतं ते उगवणाऱ्या अंकुरासाठी. आपण मधे येऊन खातो.

"म्हणजे पोरासाठी ठेवते," तू म्हणालीस. "मंग आपल्यासाठीच झालं."

हा वाद तू कधी सोडला नाहीस, मीही सोडला नाही. दरवर्षी कुठे ना कुठे तो पुन्हा निघायचा. मला वाटायचं, तुला मुद्दा कळत नाही. आता वाटतं, तुला तो माझ्या आधी कळला होता. पण हे सांगायला उशीर झाला आहे, आणि सांगायचं होतं ते हे नव्हेच.

धुऱ्यावरची तूर आठवते? धानाच्या बांधीभोवतीच्या मातीच्या धुऱ्यावर तू तूर लावायचीस आणि ती कमरेएवढी झाली की सगळ्या झाडांचे शेंडे खुडत जायचीस. मी म्हणायचो, बाई, तू काय करतेस ते ऐक. शेंड्यात एक संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा गेला की त्यांच्यावरचा धाक जातो, म्हणून फांद्या फुटतात. तू म्हणालीस, घरातला मोठा माणूस बाहेरगावी गेला की लहान्यांना जसं तोंड फुटतं तसं. भाऊजी शेजारीच उभे होते. ते म्हणाले, आमच्या घरी मोठा कोण ते आधी ठरवा. तू हातातला शेंडा त्यांच्या अंगावर फेकलास.

तुला हाताने जे माहीत होतं त्याची मी फक्त नावं सांगायचो. अळीने एक पान कुरतडलं की झाड त्याची खबर स्वतःच्या दुसऱ्या पानांना देतं. तेही एका संप्रेरकाचंच काम. मग पानं अळीला बाधेल, पचणार नाही असं काहीतरी बनवायला लागतात. मी हे सांगितलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, की म्हणून तर पहिली अळी दिसली की लगेच फवारणीचा पंप उचलू नये, झाडाला दोन दिवस द्यावे. मी औषधाचं दुकान चालवत होतो. मला ते झोंबलं.

आणि तुझा धान. तुझ्या सासूने तिच्या माहेरून आणलेला, बारीक, शिजला की चार घरं ओलांडून वास जाणारा. त्याला नाव नव्हतं. गावात सासूचा धान म्हणायचे. भाऊजींचं ठरलेलं वाक्य होतं, सासूचा आहे, म्हणून मान खाली घालत नाही. तो खरंच ताठ उभा राहायचा. कालव्याखालच्या सगळ्या बांध्यांत कंपन्यांचं बी आलं, माझ्याच दुकानातून आलं, पण धान साठवायच्या तुझ्या ढोलीत दरवर्षी सासूच्या धानाचं बी राहिलं. उतारा कमी, दिवस जास्त, असं मी हिशेबाने समजवायचो. तू ऐकून घ्यायचीस आणि पुन्हा तेच पेरायचीस.

पाच वर्षांपूर्वी तुझे पहिले पऱ्हे, रोवायची ती कोवळी रोपं, पाण्याने वाहून गेले. तू दुसऱ्यांदा बी टाकलंस. सगळ्या गावाचे पऱ्हे वीतभर झाले तेव्हा तुझे चार बोटं होते. भागरताच्या मजूर टोळीतल्या बायकांनी तुला पऱ्हे बांधीत रोवण्याचा दिवस दिला होता. तो चुकला तर पुन्हा पाळी यायला पंधरा-वीस दिवस, आणि तोवर धानाचा हंगाम कुणासाठी थांबत नाही. मी तुला म्हटलं, माझ्याकडे एक औषध आहे. रोप वाढण्यासाठी स्वतः जे संप्रेरक बनवतं, तेच बाटलीत आहे. फवारलं की आठ दिवसांत रोवण्याजोगे होतील.

तू म्हणालीस, "झाडाले जेवढं लागते तेवढं ते सोताच बनवते. तू कायले मधात येऊन राहिला?"

धुऱ्यावर चार माणसं होती. ती हसली.

दोन दिवसांनी तू आणि भाऊजी बाजाराला गेलात. मला ते ठाऊक होतं. मी दुपारी गाडी काढली, नवेगावच्या रस्त्याने तुझ्या गावी आलो, भाऊजींचा पंप घेतला आणि तुझ्या पऱ्ह्यांवर फवारून परत गेलो. तुझी पाळी चुकू नये म्हणून केलं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मला जिंकायचं होतं. म्हणून मात्राही वाढवली. बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या तिप्पट.

पाचव्या दिवशी तुझा फोन आला. तुझा आवाज इतका खुश मी फार दिवसांत ऐकला नव्हता. "बापू, पऱ्हे कसे सरसर वाढून राहिले, येऊन पाय. मी म्हटलं होतं न, तुह्या बाटलीचं काम नाही."

मी म्हटलं, हो बाई, जिंकलीस तू.

तिथेच सांगायला हवं होतं. हसत हसत सांगता आलं असतं. तू शिव्या दिल्या असत्यास आणि विषय मिटला असता. पण मला तुझा आनंद मोडवेना, असं मी त्या वेळी समजलो. खरं तर आणखी आठ दिवसांनी, रोवणा उरकल्यावर, सगळ्यांसमोर सांगायचा माझा बेत होता.

ते आठ दिवस आलेच नाहीत. पऱ्हे वाढतच गेले. सुतासारखे बारीक, पिवळट, लांबच लांब. झाड वाढ आणि राखण एकाच साठ्यातून भागवतं. सगळं वाढीवर उधळलं की देठात बळ राहत नाही, रोगाकिडीला आडवं जायची ताकद राहत नाही. म्हणून ते स्वतः हे संप्रेरक थेंबाथेंबाने बनवतं, लागेल तेवढंच, आणि लागत नाही तेव्हा मोडूनही टाकतं. मी ते तिप्पट ओतलं होतं. एका सकाळच्या वाऱ्यात तुझा सासूचा धान, ज्याने कधी मान खाली घातली नाही, पऱ्ह्यांतच आडवा झाला.

तू मला बोलावलंस. मी आलो तेव्हा बांधीवर दहा-बारा माणसं जमली होती. कोणी म्हणत होतं, जुनं बी झालं, त्याच्यात दम उरला नाही. कोणी म्हणत होतं, रोग आहे, आमच्या बांध्यांत येईल. तू सगळ्यांना थांबवून म्हणालीस, "माहा भाऊ शिकेल हाय. तो पायून सांगन."

धानाला एक रोग असतो, बाई. बियाण्यातून येणारी बुरशी असते ती. गंमत अशी, की ती बुरशीदेखील हेच संप्रेरक बनवते, झाडाचं झाडालाच घालते, आणि रोपं अशीच लांब, पिवळी, पोकळ होतात. लांब देशातल्या धानवाल्यांनी फार पूर्वी त्यांना येडी रोपं म्हटलं होतं. मी वाकून एक रोप उपटलं, मुळं पाहिली, पाहिल्यासारखं केलं आणि त्या रोगाचं नाव घेतलं. बियाण्यातच आहे, म्हणालो. हे बी ठेवू नका.

कोणी शंका घेतली नाही. फक्त तू धुऱ्याच्या कडेने चालत गेलीस आणि एका जागी थांबलीस. तिथे धुऱ्यालगत हातभर रुंदीचा एक पट्टा होता, जिथे माझ्या पंपाचा फवारा पोचला नव्हता. तेवढे पऱ्हे आखूड होते, हिरवेगार, ताठ.

"मंग हे इकडचे काऊन बरे हायेत?" तू विचारलंस.

मी म्हणालो, कडेला पाणी कमी असतं, तिथे रोग उशिरा चढतो. तू मान हलवलीस.

खरं तर बुरशी लागलेली रोपं शेतात विखुरलेली असतात, इथे एक, तिथे एक. सगळी बांधी एकसारखी येडी होत नाही. आणि आठ-दहा दिवस थांबलो असतो तर तुझे बरेचसे पऱ्हे आपसूक सावरले असते. तेव्हाही हे मला माहीत होतं. मी थांबा म्हणालो नाही. माझं दुकान होतं, दहा-बारा गिऱ्हाइकं तिथेच उभी होती.

तू आडवे पडलेले पऱ्हे उपटून टाकलेस. शेजाऱ्यांनी उरलेल्या पऱ्ह्यांच्या पेंड्या दिल्या, कंपनीच्या बियाण्याच्या. रोवण्याची पाळी चुकली नाही. आणि ढोलीत पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलेलं जे बी होतं, ते तू काढलंस, कांडलंस आणि रोवण्याच्या दिवशी भागरताच्या टोळीला त्याचा भात घातलास. तू म्हणालीस की रोग माणसाला लागत नाही, मी बापूला विचारलं आहे. विचारलं होतंस. त्या भाताचा वास तलावाच्या पाळीपर्यंत गेला होता. बायका चिखलाच्या पायांनी पंगतीत बसल्या होत्या, एकीने विचारलं, बाई, हे काय बी खाऊ घालून राहिली का, आणि तू हसलीस. तू मलाही वाढलंस. मी दोनदा भात घेतला. नाही घेतला असता तर तुला वाईट वाटलं असतं.

त्यानंतर दरवर्षी तू बी माझ्या दुकानातून नेलंस. दुसऱ्या कुणाच्या नाही. मी पिशवी हातात देताना तू त्यावरची अक्षरं वाचायचीस आणि म्हणायचीस, याचा वास येईल का रे? मी म्हणायचो, नाही बाई.

सांगायचे प्रसंग पुष्कळ आले. तुरीचे शेंडे खुडताना, आंबे तणसीत पिकायला घालताना, तलावाच्या पाळीवर बसलेलो असताना. एकदा तर मी सुरुवातही केली होती. त्या पऱ्ह्यांचं काय झालं होतं ना, असं म्हणालो. तू एकदम म्हणालीस, जाऊ दे रे, झालं ते. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मी गप्प बसलो. तू कोणत्या कारणाने मला थांबवत होतीस, हे तेव्हा कळलं नाही.

मग गोंदियाचा दवाखाना. तुझे पाय सुजलेले, हृदय थकलेलं. नर्स गोळी द्यायला आली, "अम्मा, ये विटामिन की है." तू गोळी तळहातावर घेऊन मला दाखवलीस. म्हणालीस, जन्मभर झाडाने केलेलं खाल्लं, आता कारखान्याचं. हे तर नक्की आपल्यासाठीच बनवलं असेल ना? मी हसलो. तूही हसलीस आणि तुला दम लागला.

दम खाली बसल्यावर तू छताकडे बघत विचारलंस, "बापू, त्या साली पऱ्ह्याले रोगच होता न?"

खोलीत आपण दोघंच होतो. ना गिऱ्हाईक, ना गाव, ना भाऊजी. एवढी मोकळी वाट कुणी कुणाला देत नाही. मी म्हणालो, "हो, बाई."

"मंग ठीक हाय," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. चार दिवसांनी तू गेलीस, मृग लागायच्या आत.

तुझ्या तेरवीला भागरता आली. तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. मांडवात जेवणं आटोपली होती, पुरुष माणसं पान खात बसली होती. तिने गाठोडं भाऊजींसमोर ठेवून सोडलं. दोन पायली धान. मी न हुंगताच ओळखला.

ती सांगू लागली. त्या वर्षी रोवण्याला आली असताना तिने धुऱ्यालगतचे ते हिरवे पऱ्हे तुला मागून घेतले होते. मेले तर मेले, माझ्या बोडीच्या, त्या लहान तळ्याच्या, खालच्या कोपऱ्यात लावून बघते, असं म्हणून. एकालाही रोग आला नाही. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षीही नाही. दरवर्षी ती तुला नेऊन दाखवत होती.

"मी किती खेपा म्हटलं, आपलं बी घेऊन जाय," भागरता म्हणाली. "बाई म्हणे, नोको. माह्या भावानं चारचौघांत रोगट म्हटलं हाय. मीच पेरलं तं त्याचा शब्द खाली पडन. गाव त्याच्या शब्दावर औषध घेते. तूच ठेव, म्हणे, मी मेल्यावर आणून देजो."

बाई, तू पाच वर्षं माझी चूक झाकलीस. आवडीचा धान डोळ्यांसमोर पिकत असताना माझ्या दुकानातलं बिनवासाचं बी पेरत राहिलीस. तुला वाटलं, भावाची पारख चुकली. दवाखान्यात तू मला तेवढंच कबूल करायची संधी दिलीस, की चुकलो बाई, ओळखता आलं नाही. तुला एवढंच माहीत होतं. पण चूक नव्हती ती. आणि तेही तू ऐकलं असतंस, असं आता मला वाटतं, पण ते वाटण्याला आता काय अर्थ.

भाऊजींनी मूठभर धान हातात घेतला, नाकाशी नेला. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनी तुझ्यासारखंच विचारलं, सगळ्यांसमोर, "तू सांग. टाकू का? रोगट तं नाही?"

पाच वर्षांपूर्वीची बरीचशी माणसं तिथेच होती. मी म्हणालो, "बी चांगलं आहे. तेव्हाही चांगलंच होतं. तुम्ही बाजाराला गेलात त्या दिवशी मी येऊन फवारलं होतं. बाई नको म्हणाली होती."

भागरताने पदर तोंडाला लावला. भाऊजींनी हातातला धान गाठोड्यात परत सोडला. मग त्यांनी विचारलं, "पंप माहाच होता?"

"हो."

"धुतला होता?"

"धुतला होता."

ते उठले, गाठोड्याचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाकडे नजर केली. मी ते धरलं. आम्ही दोघांनी मिळून ते आत नेलं आणि बी भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पंप ज्या खोलीत असतो तिला कुलूप होतं. तू असतीस तर हसली असतीस.

दुकानात गिऱ्हाईक थोडं कमी झालं आहे. काही येतात आणि मी औषध सुचवलं की बाटली उलटी करून मात्रा स्वतः वाचतात. वाचायलाच पाहिजे. ती बाटली मी अजून विकतो. औषध वाईट नाही, द्राक्षवाले त्यावर पीक काढतात. फक्त कुणी मागितलं की मी पहिल्यांदा विचारतो, रोपांना दोन दिवस देऊन बघितलं का? ते माझ्याकडे विचित्र बघतात.

मी थकलो आहे, बाई. वाटलं होतं, सांगून टाकलं की छाती हलकी होईल. भाऊजींना सांगितलं, भागरताला सांगितलं, अख्ख्या गावाला सांगितलं. जिला सांगायचं होतं ती सोडून सगळ्यांना सांगून झालं. छाती आहे तशीच आहे.

बी टाकून आज नववा दिवस. दुकान बंद करून मी दिवसाआड जातो. भाऊजी बांधीवर असतात. बस म्हणत नाहीत, जा म्हणत नाहीत. मी धुऱ्यावर हात मागे बांधून उभा राहतो. गावात बाकीच्यांचे पऱ्हे वर आले आहेत, वाऱ्यावर हलताना दिसतात. भागरताने परवा येऊन रोवण्याचा दिवस सांगितला, तो जवळ आहे. पऱ्हे तोवर होतील की नाही, सांगता येत नाही. काल भाऊजी पहिल्यांदा बोलले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाळी चुकली तं चुकली."

तुझे पऱ्हे तीन बोटं झालेत, बाई. बुटके आहेत, हिरवे आहेत, आणि धुऱ्यालगतचे नि मधले सगळे एकसारखे आहेत.